खांद्यावरची दोन बोटं

चाचांची दोन बोटं खांद्यावर पडल्याशिवाय आमची बस हलत नसे.

पहाटे पाचला सौदीत, अल खफजीतल्या आमच्या कॅम्पच्या फाटकाशी पांढरी बस लागायची. आम्ही डोळे चोळत, डबे सांभाळत चढायचो आणि चाचा पायरीजवळ उभे असायचे. चढणाऱ्याच्या खांद्यावर उजव्या हाताची दोन बोटं टेकवायची आणि आकडा म्हणायचा. "एक. दोन. तीन. बटणं लाव मेल्या, चौपाटीवर चाललास काय? चार. पाच. काल घरी फोन झाला वाटतं, डोळे सुजलेत. सहा." असं करत करत बाविसापर्यंत. मग स्वतः शेवटी चढायचे, दार ओढून घ्यायचे आणि ड्रायव्हरला अरबीत निघायला सांगायचे, "खलास. यल्ला." संध्याकाळी परत निघताना तीच दोन बोटं, तेच आकडे.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. पंगतीत पानं मोजणारी, सहलीत पोरं मोजणारी. पण ती कामापुरतं मोजतात. चाचांना मोजल्याशिवाय चैनच पडायचं नाही. जेवायला बसलो की मोज, शुक्रवारी समुद्रावर गेलो की मोज, कुणाच्या खोलीत कॅरम खेळायला जमलो तरी दारातून आत येताना त्यांचे ओठ हलायचे. मी एकदा वैतागून म्हणालो, "चाचा, आम्ही काय शेळ्या आहोत?"

"शेळी बरी," ते म्हणाले, "हरवली तर ओरडते तरी. माणूस गप बसतो."

चाचा रिगिंगचे फोरमन, म्हणजे क्रेनला ओझं बांधून देणाऱ्या टोळीचे मुकादम. गुहागरकडचे. एकतीस वर्षं सौदीत काढलेली. मी त्याच साइटवर स्टोअर सांभाळतो, माझं गाव कराडजवळ. त्यांचं नाव इकाम्यावर, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्यावर होतं, बसच्या यादीत होतं, पण मी ते कधी घेतलं नाही आणि इथंही घेणार नाही. सगळा कॅम्प त्यांना चाचाच म्हणायचा. वयाने त्यांच्याहून मोठा असलेला सुदानी वॉचमनसुद्धा.

त्यांची एकच बढाई होती. "मी मोजायला लागल्यापासून बस एक माणूस कमी घेऊन परत आली नाही." नवीन माणूस आला की त्याला हे ऐकावं लागायचं. एकदा खुद्द कफील, म्हणजे आमचा सौदी मालक, आला होता, त्यालाही ऐकवलं. तो बिचारा हो हो करत गाडीत बसायला लागला, आणि चाचांनी सवयीने त्याच्याही खांद्याला बोटं लावली. आम्ही दोन पावलं मागे सरकलो. कफील मात्र हसला.

चाचांचं कायमचं घरी जायचं, ज्याला आम्ही फायनल एक्झिट म्हणतो, ते सहा महिन्यांवर आलं. तेव्हा एकदा जेवताना चाचा म्हणाले, "मला गोऱ्यांचा मुलूख बघायचाय."

आमचे घास हातातच राहिले. आम्ही म्हणजे मी, सलीम आणि बाळू. सलीम म्हसळ्याचा, वेल्डर, बोलायला सुसाट. बाळू माझ्याच तालुक्यातला, क्रेन चालवतो. वर केबिनमध्ये एकटा बसून बसून अबोल झालेला. दिवसाला दहा शब्द बोलला तर डोक्यावरून पाणी.

"कशाला?" बाळूने त्यातला एक खर्च केला.

"इतकी वर्षं ते येतात आणि आपल्याला शिकवतात," चाचा म्हणाले. "असं चाला, तसं उभे राहा, जिना उतरताना कठडा धरा. एक साहेब मला म्हणालेला, आमच्याकडे माणूस कधी हरवत नाही. मला बघायचंय, घरी ते स्वतः मोजतात की नाही."

झालं. माणसाला कशाचं वेड लागेल सांगता येत नाही, आणि त्याच्यामागे दुसरी तीन माणसं का लागतात हे तर मुळीच सांगता येत नाही. आम्ही रजा जुळवल्या, कंपनीचं पत्र घेतलं, खोबरच्या व्हिसा ऑफिसात जाऊन बोटांचे ठसे दिले. काउंटरवरच्या बाईने प्रवासाचं कारण विचारलं. सलीम म्हणाला, फिरायला. चाचा म्हणाले, "इन्स्पेक्शन." नशीब, तिला ऐकू गेलं नाही.

बेत सलीमचा. हॉटेलं नकोत, पाठीवर पिशव्या टाकायच्या आणि कॉलेजच्या पोरांसारखं हॉस्टेलात उतरायचं. माझी बायको फोनवर म्हणाली, "पन्नाशी आली आणि पाठीला दप्तर लावून कुठं निघालात?" चाचांच्या घरून हुकूम आला की आधी मदिनेला जाऊन सलाम करून या, मग कुठं जायचं ते जा. ते गेले, आले, आणि येताना कुणाकडून तरी हुफूफचा पाच किलो खजूर घेऊन आले. तो पाठीवरच्या पिशवीत गेला. त्यामुळे कपडे दोनच जोड मावले.

निघताना त्यांनी कायदा सांगितला. "पासपोर्ट, इकामे माझ्याकडे." त्यांनी पोटाला एक कापडी पट्टा बांधला होता, त्यात सगळ्यांचे कागद गेले. आमच्या पिढीला आपला पासपोर्ट मालकाच्या ताब्यात असायची सवयच, कुणी हूं की चूं केलं नाही. "तिकडचं सिमकार्ड एकच, सलीमच्या फोनात. मला नको. आणि हरवलात, तर जिथं शेवटची मोजणी झाली तिथं परत यायचं आणि उभं राहायचं. शोधत फिरायचं नाही. हलायचं नाही." साइटवर आग लागली तर करायचं तेच.

व्हिएन्नात पहिला धक्का बसला तो रविवारचा. सकाळी हॉस्टेलात पिशव्या टाकून आम्ही दूध-पाव घ्यायला निघालो, तर दुकान बंद. काच चकचकीत, आत सगळं रचलेलं, माणूस नाही. चाचांनी घड्याळ पाहिलं. "नमाजची वेळ असेल. बसा, उघडेल." खफजीत नमाजला दुकानं बंद ठेवायचा नियम आता सैल झालाय, पण आमची हाडं जुनी. दुकान बंद दिसलं की आम्ही पायरीवर बसतो. तसे बसलो. दहा मिनिटं, वीस मिनिटं, एक तास. पुढून लोक जात होते आणि चार काळीसावळी माणसं बंद दुकानापुढे इतकी समाधानाने का बसलीत ते त्यांना कळत नव्हतं. शेवटी एक म्हातारी थांबली आणि खुणेने म्हणाली, उद्या.

"उद्या?" चाचा उठत म्हणाले. "एवढी लांब नमाज?"

दुसरा धक्का सोमवारी, बागेत. दुपारचे साडेबारा, चांगलं कडक ऊन, आणि हिरवळीवर शेकडो माणसं उन्हात आडवी. सावली रिकामी, ऊन भरलेलं. आमच्याकडे उन्हाळ्यात बारा ते तीन उघड्यावर काम करायला बंदी असते, फोरमनने मोडली तर त्याची खैर नसते. सगळीकडे बेशुद्ध पडलेली माणसंच दिसायला लागली चाचांना. त्यांनी एका दणकट तरुणाला हलवून उठवलं, पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणाले, "ट्वेल्व टू थ्री, नो सन." त्याने पाणी प्यायलं, आभार मानले आणि पुन्हा आडवा झाला. "गेला कामातून," चाचा म्हणाले. मग पिशवीतून खजूर काढून त्याच्या उशाशी दोन ठेवून आले.

आणि तिथंच त्यांना हवं ते दिसलं. बागेच्या वाटेवरून बालवाडीची रांग आली. पोरांनी पिवळीधमक जाकिटं घातलेली, अगदी आमच्या साइटवरच्यासारखी, आणि सगळ्यांच्या हातात एक लांब दोरी. बाई थांबल्या आणि एकेकाच्या डोक्याला हात लावत मोजायला लागल्या. चाचा उठून उभे राहिले. तोंड उघडं, डोळे चमकतायत. बाईंबरोबर तेही मोजत होते, "ग्यारह, बारह, तेरह..." मोजणी संपली तशी त्यांनी बाईंना शाबासकीचा अंगठा वर करून दाखवला. बाईंनीही दाखवला.

"बघितलंस?" माझा दंड दाबत ते म्हणाले. "साहेब खोटं नाही बोलला."

दिवसभर स्वारी खुशीत होती. कबुतरं मोजली असतील त्यांनी.

हॉस्टेलची गंमत ऐका. एका खोलीत आठ पलंग, वर चार, खाली चार. बाकीचे प्रवासी कुरकुरत होते; आम्हाला मात्र घरी आल्यासारखं वाटलं. वीस-वीस वर्षं दुसरं काय केलंय आम्ही? पण दार उघडून चार मुली आत आल्या, पाठीवरच्या पिशव्या टाकल्या आणि "हाय" म्हणाल्या. आम्ही चौघं एकदम बाहेर. सलीमने खाली जाऊन विचारलं की चूक झालीय का. चूक नव्हती. तिकडे असंच असतं.

बाळू म्हणाला, "मी व्हरांड्यात झोपतो." त्याच्या आयुष्यातलं ते मोठं वाक्य असावं.

चाचांनी मिशीवरून हात फिरवला, पिशवीतून दोरी काढली. रिगर माणूस, दोरीशिवाय घराबाहेर पडत नाही. आमच्या पलंगांना दोरी ताणली, अशा गाठी मारल्या की वरून हत्ती लोंबकळला तरी सुटायच्या नाहीत, आणि चादरी टाकून पडदे केले. कॅम्पात सगळेच करतात तसे. मला हळूच म्हणाले, "पोरींना आपला संकोच वाटायला नको." सकाळी त्यातली एक उंच मुलगी आली, चादरीला हात लावून बघितलं आणि खुणेने विचारलं, आम्हालाही? न्याहारीच्या आत आठही पलंगांना पडदे लागले. खोलीचा कॅम्प झाला. मुलींनी जाताना चाचांबरोबर फोटो काढले, आणि ह्यांनी फोटो काढायच्या आधी मोजणी केली.

तर असे आम्ही मजेत म्युनिकला पोचलो, आणि तिथं ती गोष्ट घडली.

तिथून एका तळ्याकाठच्या गावाला दिवसभरासाठी जाऊन यायचं होतं. सकाळची आगगाडी. फलाटावर चाचांनी रोजच्यासारखं केलं. "एक, दोन, तीन. यल्ला." आम्ही तिघे चढलो. ते नेहमीप्रमाणे शेवटी चढणार. तेवढ्यात चार दारं मागे एक म्हातारी भलीमोठी बॅग वर चढवायची खटपट करताना त्यांना दिसली. ओझं आणि चाचा, मध्ये कुणी येऊ शकत नाही. ते धावले, बॅग उचलली, तिच्यामागून त्याच दाराने चढले. दार लागलं, गाडी सुटली. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा आम्ही खिडकीची जागा पकडत होतो.

त्या गाडीत एक खोड होती. ती मुळात दोन गाड्यांची एक केलेली, मधून पुढे-मागे जायला वाट नाही. अर्ध्या रस्त्यात एका स्टेशनवर तिचे दोन तुकडे होतात, पुढचा एका गावाला जातो आणि मागचा दुसऱ्याच. ते त्यांच्या भाषेत दोनदा सांगितलं गेलं. आम्ही उकडलेली अंडी सोलत होतो. सलीम त्याच्या मेव्हण्याच्या लग्नाची गोष्ट रंगवून सांगत होता. चाचा कुठायत हे तिघांपैकी एकानेही विचारलं नाही. असतील मागे, शेवटी चढतात ना. हे लिहिताना आजही माझे कान गरम होतात.

शेवटच्या स्टेशनवर उतरलो. समोर तळं, मागे डोंगर, डोंगरावर बर्फ. आम्ही सवयीने ओळीत उभे राहिलो. आणि खांद्यावर बोटं पडली नाहीत. मोजायला कुणी आलं नाही, तेव्हा आम्हाला कळलं.

डबे शोधले. गाडी रिकामी. तिचे वाटेत दोन तुकडे झाले, हे स्टेशनातल्या एकाने खुणांनी सांगितलं तेव्हा कळलं. चाचांकडे फोन चालू नाही, भाषा नाही. त्यांची साखरेची गोळी माझ्या पिशवीत. आमचे चौघांचे पासपोर्ट त्यांच्या पोटाशी. उद्या प्रागला जायची बस. सलीम म्हणाला, पोलिसात जाऊ. मी म्हणालो, त्या फाट्याच्या स्टेशनवर उतरून शोधू, मग मागच्या तुकड्याच्या गावाला जाऊ. आम्ही दोघं भांडायला लागलो.

बाळू म्हणाला, "शेवटची मोजणी कुठं झाली?"

"म्युनिकला. फलाटावर."

"मग तिथं."

पुढची गाडी तासाभराने होती. ते तळं, तो बर्फ, ज्याच्यासाठी एवढे आलो, त्याच्याकडे पाठ करून आम्ही बाकावर बसलो होतो. परतीच्या वाटेत मी मनातल्या मनात काय काय बोललो ते विठोबाला ठाऊक. चाचांना काही झालं तर त्यांच्या घरी मी कोणत्या तोंडाने फोन करणार होतो?

म्युनिकच्या त्या फलाटावर पाय ठेवला आणि लांबूनच दिसले. बाक मोकळं होतं, तरी बसले नव्हते. सकाळी जिथं आम्हाला बोटं लावली होती तिथंच, तसेच, दोन्ही पाय जुळवून उभे. नंतर कळलं, पावणेचार तास. मागच्या तुकड्यात आपण एकटे आहोत हे लक्षात येताच पहिल्या स्टेशनला उतरले होते आणि त्या बॅगवाल्या म्हातारीने त्यांना हाताला धरून परतीच्या गाडीत बसवून दिलं होतं. शेजारी रेल्वेच्या गणवेशातला एक मनुष्य खजूर खात उभा होता. तो त्यांना तीनदा बाकावर बसवायला आला होता, आणि तीनदा खजूर घेऊन परत गेला होता.

आम्ही धावलो. चाचांनी हात पुढे केला. "एक," माझ्या खांद्यावर. "दोन. तीन." मग ते बाकावर बसले, टोपी काढली आणि रडायला लागले. मोठा आवाज नाही, नुसते खांदे हलत होते. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

"चाचा, अहो सापडलो ना सगळे!" सलीम म्हणाला.

"आज माझ्या हातून माणूस कमी पडला."

"अहो, कमी तुम्ही पडलात, आम्ही तिघं होतो की!"

"तेच," ते म्हणाले. "मोजणाराच गायब, तर मोजणी कसली?" त्यांनी पोटाचा पट्टा सोडला आणि आमचे पासपोर्ट ज्याचे त्याच्या हातात दिले. "घ्या. आता आपापलं सांभाळा. माझं वय झालं."

मी गोळी दिली, पाणी दिलं. जरा वेळाने ते आपण होऊन बोलायला लागले. सौदीत नवीन आले होते तेव्हाची गोष्ट, बाविशीतली. हुफूफच्या पलीकडे वाळवंटात पाइपलाइनचं काम. सुट्टी झाली, हे टेकाडाआड दोऱ्या गुंडाळत होते. परत येऊन बघतात तर बस गेलेली. धूळसुद्धा बसलेली. "ओरडलोच नाही रे. वाटलं, आत्ता येतील. दुसऱ्या दिवशी सकाळी वाळवंटातला एक बदू उंटवाला आला पिकअप घेऊन, उंटाचं दूध पाजलं, कॅम्पात आणून सोडलं. कुणी म्हणजे कुणी शोधायला निघालेलं नव्हतं."

"का?" मी विचारलं.

"बसमध्ये अठरा जण होते. अठराही जणांना वाटलं, मी मागच्या सीटवर आहे."

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. हिंमतच झाली नाही. तीस वर्षं हा माणूस आमच्यासारख्यांना मोजत आला, पहाटे आणि संध्याकाळी, तापाने फणफणला तरी, ईदच्या दिवशीही. आणि त्याला मोजायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही. मी तर स्टोअरकीपर, नट-बोल्ट मोजून पोट भरणारा!

दुसऱ्या दिवशी प्रागची बस होती, नऊ पाचची. तिकडे नऊ पाच म्हणजे नऊ पाच. चाचा रात्रभरात म्हातारे झाले होते. बस लागली तसे ते कधी नव्हे ते सगळ्यांत आधी चढले, खिडकीशी बसले आणि बाहेर बघायला लागले.

मी पायरीवर पाय ठेवणार, तर बाळूने माझ्या पिशवीचा पट्टा धरून मागे ओढलं. तो दाराशी उभा राहिला, हातांची घडी घालून. मला कळलं. मी त्याच्या शेजारी उभा राहिलो, सलीम माझ्या शेजारी.

नऊ चार झाले. ड्रायव्हर, काळ्या दाढीचा धिप्पाड गडी, घड्याळावर बोट आपटायला लागला. आतले लोक माना वळवून बघायला लागले. आम्ही ढिम्म. चाचांनी काचेवर टकटक केली, चढा म्हणून खुणा केल्या, मग दारापर्यंत आले.

"अरे चढा की! लोकं बघतायत!"

"मोजा," बाळू म्हणाला.

"तमाशे करू नका मेल्यांनो, गाडी सुटेल!"

"सुटू दे," सलीम म्हणाला.

ड्रायव्हर काहीतरी कडक बोलला. बाळू, जो साहेबांसमोरही तोंड उघडत नाही, तो त्याला खणखणीत इंग्रजीत म्हणाला, "फोरमन काउंट. नो काउंट, नो गो."

चाचा खाली उतरले. "गाढवं आहात, तिन्ही," असं म्हणाले आणि दोन बोटं पुढे केली. "एक." बोटं पुढे सरकली. "दोन. तीन." आणि वळून चढायला लागले, तेव्हा मी त्यांच्या खांद्यावर दोन बोटं टेकवली आणि म्हणालो, "चार."

ते पायरीवर थांबले. पाठ आमच्याकडे. मागे वळले नाहीत. त्यांचा हात तेवढा खांद्यापर्यंत आला, माझी बोटं दाबली आणि सोडली.

"खलास," ते म्हणाले.

"यल्ला, यल्ला, हबीबी!" ड्रायव्हर ओरडला. मोरोक्कोचा निघाला लेकाचा. नऊ आठला बस सुटली. प्रागपर्यंत तो आणि चाचा अरबीत गप्पा मारत होते, आणि उरलेला खजूर कुणाच्या पोटात गेला ते सांगायला नको. पासपोर्टही परत पट्ट्यात गेले. आम्हीच दिले.

तिथून पुढे आमची मोजणी चारची झाली. ते तीन म्हणायचे, चौथा आकडा माझा. विसरलो तर चाचा चढायचे नाहीत. खांदा जरासा माझ्याकडे करून, जणू काही आठवत असल्यासारखं आभाळाकडे बघत उभे राहायचे. खफजीत परतल्यावर बाविसाच्या मोजणीतही मी शेवटी चढायला लागलो. बाविसावा मी, आणि मग मी म्हणायचं, "तेवीस." पोरं हसली चार दिवस. नंतर त्यांनाही तेविसाशिवाय करमेना.

उरलेले महिने भुर्रकन गेले. दम्मामच्या विमानतळावर आम्ही तिघेच पोचवायला गेलो होतो. चाचांनी नवा पांढरा सदरा घातलेला, सामानात नातवंडांसाठी पिवळी जाकिटं. आत जायच्या दारापाशी मिठ्या मारून झाल्या. मग त्यांनी दोन बोटं काढली. एक. दोन. तीन. आणि पाठ वळवून उभे राहिले. मी उगाच त्यांच्या सामानाची दोरी तपासत राहिलो. मागची माणसं खोळंबली. चाचा थांबलेले. शेवटी मी बोटं टेकवली आणि कसाबसा म्हणालो, "चार." ते आत गेले.

नवा फोरमन स्वतःच्या गाडीने साइटवर येतो. बसची मोजणी आपसूक माझ्याकडे आली. कुणी सांगितलं नाही, मीच पायरीजवळ उभा राहायला लागलो. पहिल्या दिवशी सगळे चढले, मी दार ओढलं आणि ड्रायव्हरला यल्ला म्हणायचं राहूनच गेलं. खांदा उगाच रिकामा वाटत होता. तेवढ्यात खिशात फोन वाजला. गुहागरहून चाचा. तिथं तेव्हा साडेसात वाजलेले असतात, मागे कोंबड्यांचा कालवा चाललेला असतो.

तेव्हापासून रोज येतो. ना दुआ-सलाम, ना कसा आहेस.

"किती?" ते विचारतात.

"एकवीस," मी सांगतो.

"आणि तू बावीस," चाचा म्हणतात. "खलास. यल्ला."

मग बस हलते.